सर्दी-तापात दुखण्याची गोळी: काउंटरच्या आतून चार प्रश्न

"तापाची साधी गोळी द्या," असं कुणी म्हणालं की मी उलट विचारते. कुणाला हवीय, वय-वजन काय? आधी काही घेतलंय का? रोजच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत? पाणी पोटात ठरतंय का? समोरचा माणूस बहुतेक वेळा वैतागतो. अंगात कणकण, नाक गळतंय, डोकं ठणकतंय आणि ही बाई चौकशी आयोग बसवून बसलीय! पण मी फार्मासिस्ट आहे. औषध देणं हे माझं निम्मं काम, न देणं हे उरलेलं निम्मं. पडसं, फ्लू, कोविड, आरएसव्ही अशा विषाणूजन्य आजारांत "कुठली गोळी चांगली?" या प्रश्नाचं उत्तर गोळीत कमी आणि ती घेणाऱ्यात जास्त दडलेलं असतं. म्हणून हे चार प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायचे. कसे, ते सांगते.

त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. यातली कुठलीही गोळी विषाणूला मारत नाही आणि आजाराचा एक दिवसही कमी करत नाही. ती तुमचा त्रास कमी करते, बस्स. त्यामुळे थर्मामीटरवर १०० दिसलं म्हणून गोळी घ्यायची गरज नसते. अंग मोडून आलंय, झोप लागत नाहीये, घसा इतका दुखतोय की पाणी गिळवत नाही, अशा वेळी घ्या. मूल १०१ ताप असूनही खेळत असेल, पाणी पीत असेल, तर त्याला झोपेतून उठवून औषध पाजू नका. तापाच्या औषधाने झटके टळतात हाही एक समज आहे. ते तसं होत नाही, अभ्यासांत वारंवार तपासून झालंय.

दुकानात मिळणारी सगळी वेदनाशामकं ढोबळमानाने दोन घराण्यांतली. एक पॅरासिटामॉल. काही देशांतल्या पाकिटांवर त्यालाच ॲसिटामिनोफेन लिहितात, औषध तेच. दुसरं घराणं सूज उतरवणाऱ्यांचं: आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड आणि ॲस्पिरिन. डॉक्टर त्यांना एनएसएआयडी म्हणतात. ही दोन घराणी वेगळी आहेत, एवढं लक्षात राहिलं तरी निम्म्या चुका टळतील.

२०२० सालचा गोंधळ

मार्च २०२० मध्ये आयबुप्रोफेनबद्दल जी घबराट उडाली तिचे पडसाद अजून ऐकू येतात. "ती गोळी व्हायरलमध्ये घ्यायची नसते ना?" असं लोक आजही हळू आवाजात विचारतात. झालं होतं असं. ११ मार्चला लॅन्सेटच्या श्वसनविषयक नियतकालिकात एक पत्र छापून आलं. कोरोनाचा विषाणू ज्या एसीई-२ नावाच्या दारातून पेशीत शिरतो, ती दारं आयबुप्रोफेनमुळे वाढू शकतात, अशी शंका त्यात होती. शंकाच, रुग्णांवरचा पुरावा नव्हे. १४ मार्चला फ्रान्सचे आरोग्यमंत्री ऑलिव्हिए वेरां यांनी ट्वीट केलं की आयबुप्रोफेनसारखी औषधं संसर्ग वाढवू शकतात, ताप असेल तर पॅरासिटामॉल घ्या. मग जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रवक्त्यानेही तसाच सूर लावला आणि दुसऱ्याच दिवशी, १८ मार्चला, संघटनेने "आयबुप्रोफेन टाळा अशी आमची शिफारस नाही" असं जाहीर केलं. युरोपीय औषध संस्थेनेही त्याच दिवशी सांगितलं की असा कुठला शास्त्रीय पुरावा नाही. पहिली बातमी घराघरांत पोचली, दुसरी वाटेतच राहिली.

पुढे खरी आकडेवारी आली. डेन्मार्कमधल्या ९ हजारांहून जास्त कोविडबाधितांचा अभ्यास २०२० मध्येच प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या ७२ हजारांवर रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये आला. दोन्हींत एनएसएआयडी घेणाऱ्यांचे मृत्यू किंवा गंभीर आजार जास्त दिसले नाहीत. तेव्हा कोविडमध्ये आयबुप्रोफेन विष आहे, हे डोक्यातून काढून टाका.

मात्र फ्रेंच मंडळी अगदीच हवेत बोलत नव्हती. तिथल्या औषध नियामकाने एप्रिल २०१९ मध्येच, म्हणजे कोविडच्या आधी, इशारा दिला होता की ताप किंवा संसर्ग असताना आयबुप्रोफेन किंवा त्याच घराण्यातलं कीटोप्रोफेन घेतल्यावर काही रुग्णांत स्ट्रेप्टोकोकस किंवा न्यूमोकोकससारख्या जिवाणूंचा संसर्ग चिघळलेला दिसतो. यात औषधाचा दोष किती आणि औषधाने ताप-दुखणं दबल्यामुळे डॉक्टरकडे उशिरा जाण्याचा किती, हा वाद मिटलेला नाही. कांजिण्यांच्या बाबतीत मात्र सल्ला सरळ आहे. अंगावर कांजिण्या असतील तर आयबुप्रोफेन देऊ नका, त्वचेचा गंभीर जिवाणूसंसर्ग होण्याशी त्याचा संबंध दिसलाय.

ब्रिटनमधला आणखी एक अभ्यास मला फार उपयोगी वाटतो. श्वसनमार्गाच्या संसर्गाने आजारी असलेल्या ८८९ जणांना वेगवेगळे सल्ले देऊन पाहिले आणि निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. पॅरासिटामॉलच्या गटातले १२ टक्के लोक महिन्याभरात त्याच किंवा नव्या तक्रारीसाठी पुन्हा डॉक्टरकडे आले, आयबुप्रोफेनच्या गटातले २० टक्के, दोन्ही घेणाऱ्यांतले १७ टक्के. आयबुप्रोफेनने एकूणात जास्त आरामही पडला नव्हता, लहान मुलं आणि छातीचा संसर्ग असलेले रुग्ण सोडले तर. (वाफ घेण्याचाही फायदा दिसला नाही. उलट काही जणांना किरकोळ भाजलं. वाफेच्या भक्तांनी माझ्यावर रागावू नये.) एका अभ्यासावरून मी कुणाला घाबरवणार नाही, पण साध्या सर्दी-तापात सुरुवात पॅरासिटामॉलने करा असं मी सांगते, ते यामुळे. घसा फारच सोलवटल्यासारखा दुखत असेल आणि पुढे सांगितलेल्या यादीत तुम्ही बसत नसाल, तर आयबुप्रोफेनने आराम जास्त पडतो हेही खरं.

पॅरासिटामॉल: साधं, पण मोजून

मोठ्या माणसाचा डोस ५०० ते १००० मि.ग्रॅ. दोन डोसांत किमान ४ तासांचं अंतर, शक्यतो ६. चोवीस तासांत ४००० मि.ग्रॅ. ही शेवटची रेघ आहे, रोज गाठायचं लक्ष्य नव्हे. वजन ५० किलोच्या आत असेल, रोज दारू होत असेल, लिव्हरचा आजार असेल, किंवा चार दिवस पोटात अन्न नसेल, तर ही रेघ बरीच खाली येते. किती खाली, ते डॉक्टरांना विचारून ठरवा. परिणाम जाणवायला अर्धा ते एक तास लागतो. वीस मिनिटांत ताप उतरला नाही म्हणून दुसरी गोळी टाकायची नाही.

ही रेघ एवढी का जपायची? लिव्हरमध्ये पॅरासिटामॉलचा छोटा हिस्सा एका विषारी पदार्थात बदलतो. ग्लुटाथायोन नावाचा साठा त्याला लगेच निकामी करतो. डोस जास्त झाला की साठा संपतो आणि ते विष लिव्हरच्या पेशी जाळत सुटतं. घात असा की पहिले चोवीस तास माणसाला काहीच होत नाही, फार तर मळमळ, आणि फ्लूमध्ये मळमळ कुणाला नसते? त्रास दिसेपर्यंत नुकसान झालेलं असतं. उतारा आहे, एन-ॲसिटाइलसिस्टीन, आणि तो पहिल्या ८ तासांत दिला तर उत्तम काम करतो. म्हणून डोस जास्त गेल्याचं कळलं की "बघू, काही झालं तर जाऊ" म्हणायचं नाही. बरं वाटत असतानाच रुग्णालय गाठायचं आणि गोळ्यांचं पाकीट बरोबर न्यायचं.

हा जास्तीचा डोस जातो कसा? मुद्दाम कुणी घेत नाही. घरातल्या चार पाकिटांतून जातो. एकदा एक गृहस्थ तीन स्ट्रिपा घेऊन आले: एक "तापाची", एक "सर्दीची", एक "अंगदुखीची". मी तिन्ही उलट्या करून घटक वाचून दाखवले. पहिलीत पॅरासिटामॉल ६५०. दुसरीत पॅरासिटामॉल ५००, बरोबर नाक सुकवणारं फिनिलेफ्रिन आणि ॲलर्जीचं क्लोरफेनिरामिन. तिसरीत आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. तिन्ही एकदम घेतल्या तर एका वेळी १४७५ मि.ग्रॅ. आणि दिवसातून तीनदा घेतल्या तर ४४२५. कुठल्याही एका डॉक्टरने, कुठल्याही एका पाकिटाने चूक केलेली नव्हती. गोळा करणाऱ्याच्या हातून बेरीज राहिली.

त्यामुळे ब्रँडचं मोठं नाव वाचू नका. स्ट्रिप उलटी करा आणि बारीक अक्षरातला घटक वाचा. कात्रीने अर्धी स्ट्रिप कापून ठेवत असाल, तर घटक लिहिलेला भाग कापून फेकू नका. आणि सर्दीच्या मिश्र गोळ्या शक्यतो टाळाच. त्यातलं पोटातून घ्यायचं फिनिलेफ्रिन नाक मोकळं करण्यात नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने म्हटलं. मग बीपी वाढण्याची जोखीम फुकट कशाला घ्या?

पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या गोळ्यांचं एक वेगळंच आहे. त्यातल्या काहींच्या एका गोळीत ४०० मि.ग्रॅ.हून जास्त सोडियम असतं. दिवसाला आठ झाल्या तर ३ ग्रॅमच्या वर, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला पूर्ण दिवसासाठी २ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर साधी गोळी गिळा. रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पॅरासिटामॉल सलग काही दिवस घ्यावं लागलं, तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, तपासून घ्यावा. तो वाढू शकतो.

मुलांसाठी: वजन, बाटली, सिरिंज

पॅरासिटामॉल दर किलोला १० ते १५ मि.ग्रॅ., ४ ते ६ तासांनी, दिवसात चारच्या वर डोस नाहीत. आयबुप्रोफेन दर किलोला ५ ते १० मि.ग्रॅ., ६ ते ८ तासांनी, पोटात काहीतरी असताना. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ सेल्सिअस, म्हणजे १००.४ ताप आला, तर कुठलंच औषध न पाजता आधी डॉक्टर.

हिशेब वजनाचा झाला तरी खरा घोळ बाटलीत असतो. समजा मूल १२ किलोचं आहे. पॅरासिटामॉलचा वरचा डोस झाला १८० मि.ग्रॅ. १२०/५ (म्हणजे ५ मि.ली.मध्ये १२० मि.ग्रॅ.) लिहिलेल्या सिरपचे हे ७.५ मि.ली. होतात. २५०/५ लिहिलेल्या सिरपचे जेमतेम साडेतीन. आणि तान्ह्या बाळांसाठीच्या थेंबांत, जिथे १ मि.ली.मध्ये १०० मि.ग्रॅ. असतं, तिथे फक्त १.८ मि.ली. आता "गेल्या वेळी साडेसात दिलं होतं" हे आठवून कुणी थेंबांच्या बाटलीतून साडेसात भरलं, तर ७५० मि.ग्रॅ. गेलं, चौपटीहून जास्त. आईला वाटतं थेंब म्हणजे सौम्य. प्रत्यक्षात बाळाला कमी प्यावं लागावं म्हणून ते अधिक तीव्र केलेले असतात. याच घोळामुळे अमेरिकेतल्या उत्पादकांनी २०११ मध्ये तान्ह्यांचे तीव्र थेंब बंद करून मुलांच्या सगळ्या द्रव औषधांची तीव्रता एकच केली. तुमच्याकडे अनेक तीव्रता मिळत असतील, तर डोस मि.ली.मध्ये नव्हे, मि.ग्रॅ.मध्ये लक्षात ठेवा आणि प्रत्येक नव्या बाटलीवर पुन्हा हिशेब करा. स्वयंपाकघरातला चमचा नको. औषधाबरोबरची सिरिंज किंवा मापाचं झाकणच वापरा.

आणि बाटलीला एक कागद चिकटवा: वेळ, औषध, किती, कुणी पाजलं. रात्री दोनला आईने दिलेलं आजीला माहीत नसतं, ती पहाटे चारला प्रेमाने पुन्हा पाजते.

पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन आलटून-पालटून द्यावं का, असं पालक हमखास विचारतात. दोन्ही एकत्र दिल्याने ताप थोडे तास जास्त उतरलेला राहतो हे खरंय, पण ठरावीक वेळांचं दुहेरी वेळापत्रक पेंगुळलेल्या डोळ्यांनी सांभाळताना चूक ठरलेली. एकच औषध निवडा. त्याने मूल अजिबात शांत होत नसेल तरच दुसऱ्याचा विचार, तोही विचारून.

ॲस्पिरिन मात्र सोळाच्या आतल्यांना नाहीच. काही देशांत ही मर्यादा आणखी वर, अठरा-एकोणीसपर्यंत आहे. ऑस्ट्रेलियातले पॅथॉलॉजिस्ट डग्लस राय यांनी १९६३ मध्ये मुलांतल्या एका आजाराचं वर्णन केलं. फ्लू किंवा कांजिण्यांतून मूल बरं होत असतानाच उलट्या सुरू होतात, मेंदूला सूज येते, लिव्हर निकामी होतं. पुढे त्याचा संबंध ॲस्पिरिनशी जुळला. अमेरिकेत १९८० मध्ये अशा ५५५ रुग्णांची नोंद झाली होती. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका असे इशारे दिले गेले आणि १९८७ पासून वर्षाला ३६ हून जास्त नोंदी झाल्या नाहीत. साध्या सल्ल्याने एवढा फरक पडल्याची उदाहरणं वैद्यकात कमीच. मोठ्यांनीही फ्लूमध्ये ॲस्पिरिनचा मारा करू नये. १९१८ च्या साथीत दिवसाला ८ ते ३१ ग्रॅम ॲस्पिरिन सुचवलं जायचं. आज ४ ग्रॅम ही कमाल मानतात. त्या साथीतले काही मृत्यू ॲस्पिरिनच्या विषबाधेने झाले असावेत, असा तर्क २००९ मध्ये मांडला गेला. हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली रोजची छोटी ॲस्पिरिन मात्र सर्दी झाली म्हणून स्वतःहून बंद करू नका.

आयबुप्रोफेन कुणी दूर ठेवायचं

इथे माझा तिसरा (रोजच्या गोळ्या) आणि चौथा (पोटात ठरणारं पाणी) प्रश्न कामाला येतो. किडनीला रक्त नेणारी सूक्ष्म नळी अंगातलं पाणी कमी झालं की प्रोस्टाग्लँडिन नावाच्या शरीरातल्याच रसायनाच्या जोरावर उघडी राहते. आयबुप्रोफेन नेमकं प्रोस्टाग्लँडिनच थांबवतं, म्हणजे नळाला दाब कमी असताना कुणी पाइपवर पाय दिल्यासारखं होतं. तंदुरुस्त, भरपूर पाणी पिणाऱ्या माणसाला याचं काही वाटत नाही. पण तापाने घाम, त्यात उलट्या-जुलाब, दिवसभरात लघवी एकदाच आणि तीही गडद पिवळी, अशा वेळी एनएसएआयडी घेऊ नका. त्यातून बीपीची '-प्रिल' किंवा '-सार्टन' अशी नावाची शेपटी असलेली गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी दोन्ही चालू असतील, तर हा तिहेरी मार होतो. अशा आजारपणात त्या गोळ्या थोड्या दिवसांसाठी थांबवायच्या का, हे डॉक्टरांना फोन करून विचारा. स्वतः ठरवू नका.

पोटात अल्सर झालेला, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू, हार्ट फेल्युअर, किडनीचा जुना आजार, लिथियम किंवा मेथोट्रेक्सेट चालू, यांनी आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक हातात घेऊ नये. दमेकऱ्यांतल्या काहींना ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेनने जोराची धाप लागते, विशेषतः नाकात पॉलिप, म्हणजे मऊ गाठी, असलेल्यांना. आधी घेतलंय आणि काही झालं नाही, तर सहसा हरकत नसते. गरोदरपणात विसाव्या आठवड्यापासून पुढे ही औषधं डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय नको. बाळाच्या किडनीवर आणि गर्भजलावर परिणाम होतो, शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो.

हृदयरोग्यांसाठी थोडं थांबते. फ्लू झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट ॲटॅकची शक्यता सुमारे सहापट होते, असं कॅनडातल्या २०१८ च्या अभ्यासात दिसलं. हे नुसत्या फ्लूने. तैवानमधल्या २०१७ च्या अभ्यासात श्वसनसंसर्ग आणि पोटातून घेतलेलं एनएसएआयडी एकत्र आलं की ती शक्यता तिपटीहून जास्त वाढलेली आढळली. दोन अभ्यासांची मोजणी वेगळी, आकडे शेजारी ठेवून तुलना करायची नाही. पण आधी ॲटॅक येऊन गेला असेल किंवा स्टेंट असेल, तर अंगदुखीसाठी पॅरासिटामॉलवर भागवा, एवढं त्यातून निघतं.

डेंग्यूची साथ असलेल्या भागात सर्दी-खोकल्याशिवाय नुसताच जोराचा ताप आणि डोळ्यांमागे दुखणं असेल, तर डेंग्यू नाही असं ठरेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन-आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढतो. नायमेसुलाईड (हेही एनएसएआयडीच) मागणाऱ्यांना मी सर्दी-तापासाठी ते घेऊ नका असंच सांगते. लिव्हरच्या भीतीने फिनलंड, स्पेन आणि आयर्लंडने ते बाजारातून काढून घेतलं होतं. खोकल्यासाठी कोडीन असलेलं सिरप बारा वर्षांखालच्या मुलाला देऊ नका, श्वास मंदावतो.

किती दिवस घ्यायची? तापासाठी तीन दिवस, दुखण्यासाठी पाच, त्यापुढे स्वतःच्या जबाबदारीवर नको. आणि गोळी चालू असताना ताप दिसत नाही, म्हणून आजार गेला असं धरू नका. डोसाचा असर उतरल्यावर, पुढची गोळी घेण्याआधी ताप मोजा आणि तोच आकडा लिहून ठेवा. डॉक्टरांना तोच हवा असतो.

धाप लागली, ओठ निळसर दिसले, छातीत दुखलं, ऑक्सिमीटर ९४ च्या खाली राहिला, माणूस बरळू लागला, मान आखडली, दाबूनही न जाणारे लाल-जांभळे डाग उठले, बारा तास लघवी झाली नाही किंवा मूल उठवूनही नीट जागं होईना, तर गोळीचा विचार सोडून थेट रुग्णालय. यातलं काही नसतानाही एका गोष्टीवर नजर ठेवा: ताप उतरून एक-दोन दिवस बरं वाटलं आणि मग तो पुन्हा चढला, बरोबर घट्ट कफ आणि एका बाजूला छातीत कळ. हा विषाणूवर स्वार होऊन आलेला जिवाणूंचा न्यूमोनिया असू शकतो, आणि घरात उरलेल्या स्ट्रिपेतली गोळी घेतली तर तो आणखी एक-दोन दिवस लपून राहतो. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि आतापर्यंत काय काय, किती वाजता घेतलं त्याचा कागद बरोबर न्या.